डब्यावरची चिठ्ठी



तुमच्या नावातली वेलांटी कधी पळून गेली आहे का? हसू नका! आमच्या शाळेत एकदा खरंच असं झालं. एखाददुसरी नव्हे, सव्वाशेच्या वर प्रशस्तिपत्रकांवरच्या वेलांट्या एकाच संध्याकाळी पळाल्या. त्यांचा शोध घेता घेता मला जे समजलं, ते आज तुम्हाला सांगणार आहे. गोष्ट संगणकाची आहे, पण तिचा धडा आपल्या स्वयंपाकघरात आहे. ऐका तर.

स्नेहसंमेलनाचा आदला दिवस होता. आमची नौपाड्यातली शाळा तशी लहान, पण बक्षिसं भरपूर. दरवर्षी प्रशस्तिपत्रकांवर मुलांची नावं आम्ही शिक्षिका हातानं लिहितो. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाचे बाबा म्हणाले, "बाई, कशाला हात दुखवून घेता? मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून देतो. नावांची यादी द्या आणि कोरं प्रशस्तिपत्रक द्या. संगणक एकेक नाव त्यावर काढत जाईल." त्यांनी घरी करून पाहिलं आणि नमुना आणून दाखवला. सुरेख! 'द्वितीय', 'चित्रकला', 'विद्यार्थी', सगळी अक्षरं जागच्या जागी होती.

मग तोच प्रोग्रॅम शाळेच्या संगणकावर आणला आणि कळ दाबली. आम्ही चहा घेऊन येईपर्यंत गठ्ठा छापून तयार! मदतीला चौथीतली एक मुलगी थांबली होती. ती गठ्ठा नीट लावता लावता एकदम थबकली.

"बाई, माझ्या नावातली वेलांटी पुढच्याच अक्षरावर जाऊन बसलीय."

मी पाहिलं आणि डोक्याला हात लावला. एकट्या तिचंच नाव नव्हे, सगळंच बिघडलं होतं. 'विद्यार्थी'तली पहिली वेलांटी 'व'ला सोडून 'द'कडे झुकलेली. जोडाक्षरं फुटून प्रत्येक अक्षराचा पाय मोडलेला. 'थी'च्या डोक्यावरचा रफार खाली उतरून निमूटपणे 'र्' होऊन उभा! ती मुलगी हळूच म्हणाली, "उद्या माझी आजी गावाहून येणार आहे. ती हे भिंतीला लावणार आहे." मग ती काहीच बोलली नाही. मुलांनो, बक्षीस कसलंही असो, त्यावर आपलं नाव बरोबर नसेल तर ते आपलं वाटतच नाही. हो की नाही?

आता चूक शोधायची. आधी वाटलं, यादीत शुद्धलेखनाच्या चुका असतील. पण यादी अगदी बरोबर. मग वाटलं, फॉन्ट वेगळा असेल. फॉन्टही तोच. छपाईयंत्रावर संशय घेतला, तर पडद्यावरही अक्षरं तशीच मोडकी. प्रोग्रॅम तोच, एका अक्षराचाही फरक नाही. त्यात वापरलेली लायब्ररीही तीच. तिचा आवृत्ती क्रमांकसुद्धा घरी आणि शाळेत एकच! दोन तास असेच गेले.

इथं थांबून एक गोष्ट सांगते. 'लायब्ररी' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पुस्तकांची कपाटं आली असतील. १८९३ साली सुरू झालेलं आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आठवलं असेल. संगणकाच्या जगातली लायब्ररी थोडी निराळी. एखादं काम करण्याची तयार कृती कोणीतरी लिहून ठेवते. चित्रावर अक्षरं काढणं, माहिती साठवणं, कुलूप लावून निरोप पाठवणं, अशा एकेका कामाची एकेक लायब्ररी. दुसऱ्यांनी ती आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायची. प्रत्येकानं घरी मसाला कुटत बसण्याऐवजी तयार मसाल्याची पुडी आणावी, तसं.

पण माणूस जे लिहितो, ते अनेक लायब्रऱ्यांच्या बाबतीत संगणकाला जसंच्या तसं चालवता येत नाही. ते आधी संगणकाच्या भाषेत शिजवून घ्यावं लागतं. याला म्हणतात 'कंपाइल' करणं. हा शब्द लक्षात ठेवा, कारण सगळी गंमत इथंच आहे.

आता चला स्वयंपाकघरात. होळीच्या दिवशी घरी पुरणपोळी होते. पुरणात गूळ घालायचा की साखर, हे कधी ठरतं? पुरण शिजवताना. आणि पोळीवर तूप किती घ्यायचं, हे कधी ठरतं? पानावर बसल्यावर. तूप जास्त हवं तर जास्त घ्या, नको तर घेऊ नका. पण पोळी पानात पडल्यावर "मला यातला गूळ काढून साखर घालून दे" असं म्हटलंत, तर आई काय म्हणेल ते मी इथं लिहीत नाही!

लायब्ररीचंही तसंच असतं. काही गोष्टी वापरताना ठरवता येतात: अक्षर किती मोठं, रंग कोणता. हे झालं पानावरचं तूप. पण काही गोष्टी ती कंपाइल करतानाच ठरून जातात: अमुक सोय आत घ्यायची की वगळायची, तमुक मर्यादा किती ठेवायची. हे झालं पुरणातलं गूळ-साखर. एकदा शिजलं की शिजलं. बदलायचं असेल तर पुन्हा पहिल्यापासून पुरण शिजवा.

अडचण अशी, की पुरणपोळीचा घास घेतला तर जीभ सांगते गूळ की साखर. शिजवलेली लायब्ररी मात्र चाखून पाहता येत नाही. आत नुसते आकडेच आकडे असतात. बाहेरून नाव तेच, क्रमांकही तोच. मग आत काय आहे हे कळायचं कसं?

माझी आई यावर एक उपाय करते. सणाला ती शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पोळ्यांचे डबे पाठवते. कोणाला गूळ चालतो, कोणाला साखर. डबे सगळे सारखेच, स्टीलचे. म्हणून ती प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवते: "गुळाची. जायफळ आहे. वेलदोडा नाही." झालं काम! ज्यानं शिजवलं, त्यानंच लिहून ठेवलं. खाणाऱ्याला तर्क करत बसायला नको.

शहाण्या लायब्रऱ्याही आपल्या डब्यावर अशी चिठ्ठी ठेवतात. "मला बनवताना काय काय घातलं आणि काय वगळलं" हे विचारलं की त्या सांगतात. विचारायला शिकायचं मात्र आपण.

आमच्या त्या संध्याकाळी शेवटी हेच झालं. दोन तास डोकेफोड केल्यावर बाबांनी लायब्ररीला तिची चिठ्ठी वाचून दाखवायला सांगितलं. या लायब्ररीचं नाव पिलो. पायथन भाषेत चित्रांची कामं करणारे ती खूप वापरतात. एक छोटी आज्ञा दिली की ती आपल्याजवळच्या सोयींची यादीच पडद्यावर मांडते. सोय असेल तर ओळीच्या सुरुवातीला तीन आडव्या रेघा, नसेल तर तीन तारे. यादीत खाली खाली जाता जाता एक ओळ आली. तीन तारे, आणि पुढे नाव: रक्म. म्हणजे, "रक्म माझ्यात नाही."

"सापडला चोर!" बाबा म्हणाले. घरच्या संगणकावर याच ओळीपुढे तीन रेघा होत्या.

आता हे रक्म काय, ते समजून घेऊ. तुम्ही संगणकावर 'कि' लिहिता, तेव्हा आधी कोणती कळ दाबता? आधी 'क', मग वेलांटी. संगणकही ते याच क्रमानं साठवतो, आधी 'क' आणि मग वेलांटी. बोलतानाही आधी 'क्' आणि मग 'इ' येते, म्हणजे हा क्रम उच्चाराचा आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची पद्धत होती, तिची सुधारित आवृत्ती १९८८ साली आली होती. पुढे १९९१ साली सगळ्या जगासाठी युनिकोड आलं, तेव्हा त्यातल्या देवनागरीची मांडणी त्या इस्कीवरूनच घेतली गेली.

पण कागदावर काय दिसतं? वेलांटी आधी, 'क' नंतर! म्हणजे साठवायचं एका क्रमानं आणि काढायचं दुसऱ्या क्रमानं. शिवाय 'द' आणि 'व' जोडून 'द्व' करायचं, 'र्'चा रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवायचा. हे सगळं कोणीतरी करावं लागतं. ते काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते, आणि पिलोला तिच्यापर्यंत नेऊन पोचवते ती रक्म. या नावांची एक गंमत सांगू? 'हर्फ' म्हणजे अक्षर. आणि 'रक्म' हा अरबी शब्द तर आपल्या घरचाच आहे. आपण पैशांची 'रक्कम' म्हणतो ना, ती त्याच शब्दापासून आली!

शाळेचा संगणक जुना. त्याच्यासाठी पिलोची तयार पुडी मिळत नव्हती, म्हणून ती तिथल्या तिथे कंपाइल केली गेली होती. कंपाइल होताना तिनं आजूबाजूला शोधलं, आवश्यक सामान दिसलं नाही, म्हणून रक्म वगळून ती पुढे गेली. वेलदोडा संपला म्हणून पोळ्या करायच्या राहतात का? तसंच. इंग्रजी अक्षरांना रक्म नसल्यानं काही बिघडत नाही, त्यामुळे आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मराठी नावं आली आणि वेलांट्या सैरावैरा पळाल्या. चूक लायब्ररीची नव्हती. तिच्या डब्यावर चिठ्ठी होती. आम्हीच वाचली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, प्रशस्तिपत्रकच ना? पुन्हा छापा." बरोबर आहे. पण हीच गोष्ट कधी कधी फार मोठी होते. त्यासाठी आधी ठाणे स्टेशनवर चला.

फलाटावर लांबच्या पल्ल्याची गाडी थांबली, की डबा नीट पाहा. त्यावर एक क्रमांक रंगवलेला असतो. बहुतेक डब्यांवर त्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे डबा बनल्याचं वर्ष. डब्याच्या टोकाला आणखी बारीक अक्षरं असतात: मोठी दुरुस्ती कोणत्या कारखान्यात झाली, कोणत्या तारखेला झाली, पुन्हा कधी पाठवायचा. ही डब्यावरची दुसरी चिठ्ठी! जुना डबाही कारखान्यात जाऊन नवी चाकं, नवे ब्रेक घेऊन आलेला असू शकतो. नुसता क्रमांक पाहिला तर तो जुनाच वाटेल. दुरुस्तीची तारीख पाहिली तरच खरं कळेल.

हे लक्षात ठेवा आणि आता २०१४ सालाकडे चला. इंटरनेटवर आपण बँकेत किंवा टपालपेटीत शिरतो, तेव्हा आपलं बोलणं चोरून ऐकता येऊ नये म्हणून त्याला कुलूप घालतात. हे कुलूप घालणारी एक लायब्ररी जगभर वापरली जाते. तिचं नाव ओपनएसएसएल. ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालं, की या कुलपातच भोक आहे! गूगलमधले नील मेहता आणि फिनलंडमधली कोडेनोमिकॉन ही कंपनी, दोघांनी ते वेगवेगळं शोधून काढलं होतं. चुकीला नाव पडलं 'हार्टब्लीड'.

चूक काय होती? दोन संगणक मधूनमधून एकमेकांना विचारतात, "आहेस ना?" हृदयाचा ठोका पडावा तसं. विचारणारा थोडी माहिती पाठवतो आणि ती किती आहे ते सांगतो. समोरच्यानं तेवढीच परत पाठवायची. आता समजा, शेजारीण तुमच्याकडे वाटीभर साखर घेऊन आली आणि म्हणाली, "ही पातेलंभर साखर. एवढीच मला परत द्या." तुम्ही न मोजता "बरं" म्हणालात आणि पातेलं भरून द्यायला लागलात. वाटीतली साखर संपली, तर फडताळात जे हाताला लागेल ते ओतलंत! तसंच झालं. लायब्ररी किती आलं ते मोजतच नव्हती. त्यामुळे एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत आतली माहिती, कधी पासवर्ड, कधी कुलपाची किल्लीसुद्धा, परक्याच्या पातेल्यात पडू शकत होती. कॅनडाच्या कर खात्यातून सुमारे ९०० लोकांचे ओळख क्रमांक अशाच रीतीनं चोरीला गेले.

जगभर ज्यांच्यावर संगणक सांभाळण्याची जबाबदारी असते, त्यांना आपण व्यवस्थापक म्हणू, त्यांची झोप उडाली. प्रत्येकापुढे एकच प्रश्न: "माझ्याकडची लायब्ररी भोकवाली आहे की दुरुस्त?" १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्यांत चूक होती. १.०.१जी मध्ये ती सुधारली होती. मग क्रमांक पाहिला की झालं? नाही ना! दोन कारणांनी नाही.

पहिलं कारण: ज्यांना लगेच नवी आवृत्ती घेता येत नव्हती, त्यांना ओपनएसएसएलच्या मंडळींनी दुसरा उपाय सांगितला होता. जुनीच लायब्ररी पुन्हा कंपाइल करा, पण ती 'ठोक्यां'ची सोय वगळून. म्हणजे गूळ न घालता पुरण पुन्हा शिजवा. अशा लायब्ररीचा क्रमांक जुना, पण ती सुरक्षित.

दुसरं कारण: लिनक्स वाटणाऱ्या काही संस्थांनी जुन्याच आवृत्तीला ठिगळ लावून दिलं. क्रमांकातलं ते १.०.१ई वगैरे तसंच राहिलं, भोक मात्र बुजलं. दुरुस्त होऊन आलेला जुना डबाच की!

मग खरं कळलं कसं? चिठ्ठीवरून. ओपनएसएसएलला तिची सविस्तर माहिती विचारणारी एक आज्ञा आहे. ती दिली की आवृत्तीबरोबरच ती कोणत्या तारखेला कंपाइल झाली आणि कंपाइल करताना कोणते निर्णय घेतले, हेही पडद्यावर येतं. 'ठोके' वगळले असतील तर ते तिथं दिसायचं. तारीख ७ एप्रिल २०१४ च्या आधीची असेल तर मनात धस्स व्हायचं. ही चिठ्ठी नसती, तर किती जणांनी उगाच धावाधाव केली असती. आणि किती जण "आपलं सगळं ठीक आहे" असं समजून भोकासकट झोपी गेले असते!

म्हणून मुलांनो, आजची मुख्य गोष्ट ही. वस्तूचं नाव आणि क्रमांक एवढ्यानं ती वस्तू कळत नाही. ती बनवताना काय ठरवलं, ते कळावं लागतं. आणि ते फक्त बनवणाराच लिहून ठेवू शकतो.

ही चिठ्ठी फार छान लिहिणारी एक लायब्ररी तुमच्या घरात आहे. अगदी आईबाबांच्या खिशात! तिचं नाव एसक्यूलाइट. अमेरिकेतल्या रिचर्ड हिप यांनी ती लिहिली आणि २००० साली ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. अँड्रॉइड फोन असो की आयफोन, दोन्हींत ती असते आणि निरोप, फोन नंबर अशी माहिती नीट रचून ठेवते. तिला कंपाइल करताना ठरवायच्या गोष्टी ढीगभर आहेत. शब्द शोधायची सोय घालायची का? एकाच वेळी अनेक कामं तिच्यात हात घालणार असतील, तर गोंधळ होऊ नये म्हणून पहारा ठेवायचा का? छोट्या यंत्रात ती बसवायची असेल तर कायकाय गाळायचं?

मार्च २०१० मध्ये आलेल्या ३.६.२३ या आवृत्तीपासून तिच्यात चिठ्ठी वाचायची सोय आली. ती दोन तऱ्हांनी वाचता येते, आणि हे समजून घेण्यासारखं आहे. व्यवस्थापकानं एक छोटी आज्ञा लिहिली, की सगळी यादी ओळीखाली ओळ समोर येते. ही झाली माणसानं वाचायची चिठ्ठी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यासाठी दुसरी सोय आहे. त्याचा प्रोग्रॅम चालता चालता लायब्ररीला विचारू शकतो, "तुला बनवताना अमुक सोय घातली होती का?" उत्तर येतं एक किंवा शून्य. एक म्हणजे हो, शून्य म्हणजे नाही. प्रोग्रॅमनं त्याप्रमाणे पुढे जायचं किंवा थांबायचं. ही झाली यंत्रानं वाचायची चिठ्ठी. दोन्ही लागतात. कारण माणूस चिठ्ठी वाचायला विसरतो. आम्ही नाही का विसरलो?

एक मजा सांगू? एसक्यूलाइट कंपाइल करताना "चिठ्ठीच ठेवू नकोस" असंही सांगता येतं! फारच कमी जागा असलेल्या यंत्रांना ते उपयोगी पडतं. पण मग पुढे अडचण आली, तर चिठ्ठी नाही म्हणून रडायचं नाही.

आता एक शंका तुमच्यातल्या हुशार मंडळींना आली असेल. "बाई, आतलं सगळं असं सांगून टाकलं तर चोरालाही नाही का कळणार?" शाबास! हा प्रश्न विचारायलाच हवा.

घराच्या भिंतीत पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा लपवलेल्या असतात. एकदा गिलावा झाला की त्या दिसत नाहीत. तसबीर लावायला खिळा ठोकला आणि नेमका नळावर बसला, तर घरात कारंजं! म्हणून घर बांधतानाच कुठून काय गेलंय त्याचा नकाशा ठेवावा. प्लंबर आणि वायरमन आले की त्यांना दाखवावा. पण तो नकाशा कोणी फाटकावर लावतं का? नाही. ज्याला काम करायचं आहे त्याला दाखवायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला नाही.

पीएचपी नावाच्या भाषेत वेबसाइट बनवतात. तिच्यातही एका आज्ञेनं अशी भली मोठी चिठ्ठी समोर येते: कधी बनवली, बनवताना काय काय सांगितलं होतं, सगळं. काम करणाऱ्याला ती फार उपयोगी. पण काही जण तपासून झाल्यावर ते पान तसंच उघडं विसरतात आणि मग जगात कोणीही ते वाचू शकतं. तसं करू नका, असं जाणते लोक पुन्हा पुन्हा सांगतात. चिठ्ठी हवीच, पण ती घरातल्यांच्या हाती हवी. प्रोग्रॅम लिहिणारा आणि संगणक सांभाळणारा, हे दोघे घरातले.

आणि एक ध्यानात ठेवा. चिठ्ठी लपवली म्हणून भोक बुजत नाही. २०१४ साली चोरांना चिठ्ठी वाचायची गरजच नव्हती. ते सरळ पातेलं घेऊन दारात उभे राहून पाहत होते. चिठ्ठीची गरज होती ती घर सांभाळणाऱ्यांना.

आता पळालेल्या वेलांट्यांचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. चूक सापडली तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. बाबा यादी घेऊन घरी गेले. तिथल्या संगणकावर नावं छापायची ठरली. पण जाड कागद बराचसा वाया गेला होता. राम मारुती रोडवरच्या दुकानात उरलेला सगळा कागद आणला, तरी तीसेक प्रशस्तिपत्रकं कमी पडत होती. शेवटी जुन्या गठ्ठ्यातल्या कोऱ्या प्रतींवर आम्ही शिक्षिकांनी हातानं नावं लिहिली.

त्या मुलीला मी विचारलं, "तुझं छापून हवं की हातानं?"

ती म्हणाली, "हातानं. म्हणजे वेलांटी पळणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिची आजी प्रशस्तिपत्रक डोळ्यांजवळ धरून नाव मोठ्यानं वाचत होती. एकेक अक्षर बरोबर. मला फार बरं वाटलं.

नंतर ती मुलगी मला एक प्रश्न विचारून गेली. तो मी अजून विसरलेली नाही. "बाई, लायब्ररीला माहीत होतं ना की तिच्यात ते नाही? मग तिनं आधीच का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "कारण आपण विचारलं नाही."

पण घरी जाताना वाटलं, हे उत्तर अर्धंच आहे. आपण विचारायला हवं होतं, हे खरं. पण माणसाला दर वेळी आठवेलच असं नाही. म्हणून बाबांनी पुढच्या आठवड्यात प्रोग्रॅममध्ये सुरुवातीलाच दोन ओळी घातल्या. आता तो छापायच्या आधी लायब्ररीला विचारतो, "रक्म आहे का?" नाही म्हटलं तर थांबतो आणि पडद्यावर मराठीत लिहितो, "या संगणकावर मराठी अक्षरं नीट येणार नाहीत. छपाई करू नका." दोन ओळी, बस. त्या पहिल्या दिवशी असत्या तर सव्वाशे जाड कागद आणि एका मुलीचा हिरमोड, दोन्ही वाचलं असतं. शाळेच्या संगणकावरही मग रक्मसकट लायब्ररी पुन्हा कंपाइल करून घेतली. आता तिथंही त्या ओळीपुढे तीन रेघा येतात. मी स्वतः पाहिल्या!

आता तुमच्यासाठी गृहपाठ. सोपा आहे, पण तिन्ही करायचे.

१) घरातल्या पाच डबाबंद वस्तू घ्या. बिस्किटं, लोणचं, काहीही. त्यांवर 'बनवताना काय घातलं' हे लिहिलेलं शोधा आणि वहीत उतरवा. त्यातली कोणती गोष्ट नुसती चाखून तुम्हाला कळली नसती, तिच्याखाली रेघ ओढा.

२) आईबाबांना विचारून त्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनविषयी' हे पान उघडा. तिथं 'बिल्ड नंबर' असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. ती तुमच्या फोनच्या डब्यावरची चिठ्ठी. नुसती वाचा, काही बदलू नका!

३) मोठ्या मुलांसाठी: संगणकावर फायरफॉक्स असेल तर वर पत्त्याच्या जागी इंग्रजीत 'अबाउट', मग दोन टिंबं, मग 'बिल्डकॉन्फिग' असं सलग लिहा. फायरफॉक्स बनवताना कोणकोणत्या सूचना दिल्या होत्या, ते सगळं समोर येईल. सगळं कळणार नाही. मलाही सगळं कळलं नाही. पण आतलं पाहता येतं, हे तर कळेल!

पालकांना एक विनंती. मूल एखादी वस्तू हातात घेऊन "ही कशी बनवली?" असं विचारतं, तेव्हा "तुला काय करायचंय" म्हणू नका. त्याच्याबरोबर बसून चिठ्ठी शोधा. आणि मुलांनो, तुम्हीही काही बनवाल, चित्र, खेळणं, उद्या कदाचित प्रोग्रॅम, तेव्हा ते कसं बनवलं याची चार ओळींची चिठ्ठी त्याच्याबरोबर ठेवा. पुढे ती वस्तू ज्याच्या हाती जाईल, तो तुम्हाला मनातल्या मनात धन्यवाद देईल.

गृहपाठात कोणती गंमतीची चिठ्ठी सापडली, ते मला पत्रानं जरूर कळवा. आणि हो, पत्रावर स्वतःचं नाव लिहाल तेव्हा वेलांटी जागेवर आहे ना, तेवढं एकदा पाहून घ्या!

तुमची,
बाई